गाळातले जीव मोजण्याआधी गाळातलं पाणी मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीतल्या गाळातल्या सूक्ष्मजीवांवर एम.एस्सी.चा प्रकल्प करायचाय. बारा ठिकाणांहून वरचा गाळ आणायचा, फ्रीजरमध्ये ठेवायचा, सवडीने डीएनए काढून सिक्वेन्सिंगला (म्हणजे डीएनए वाचून कोणकोणते जीव आहेत ते ओळखायला) पाठवायचा, असं मार्गदर्शकांनी सुचवलंय. 'यावरून खाडीत कोणते जीवाणू काय काम करतात ते सांगता येईल ना?' जोडीला एक उपप्रश्न आहे: 'समुद्रतळाखालच्या लाखो वर्षांच्या गाळात जीव सापडतात म्हणतात. ते खरंच जिवंत असतात का?'

पहिल्याचं उत्तर नाही. या पद्धतीने तुम्हाला कोण काय करतं ते सांगता येणार नाही. पण ते सांगता येईल असं काम करता येतं, फक्त कामाचा क्रम उलटा करायला लागेल. दुसऱ्याचं उत्तर बहुतांशी हो असं आहे, पण त्यातला 'जिवंत' हा शब्द आपण रोज वापरतो तो नाही. खरं तर दोन्ही प्रश्न एकच आहेत. गाळात एखाद्याचा डीएनए सापडला म्हणजे तो तिथे काही करत होता, असं धरायचं का?

मी या चिखलात गेली चोवीस वर्षं आहे, म्हणून आधी माझीच फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात आम्ही एका खाडीतून असाच दहा ठिकाणचा गाळ आणला होता. सिक्वेन्सिंगचे निकाल आले, रंगीत पट्ट्यांचे सुंदर आलेख झाले. जवळजवळ एक तृतीयांश भाग 'डिसल्फो'ने सुरू होणाऱ्या मंडळींचा होता, म्हणजे ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेणाऱ्या जीवाणूंचा. आम्ही लेखात ठोकून दिलं की या खाडीत सल्फेटचं क्षपण, म्हणजे त्याचं सल्फाइड होणं, जोरात चालू आहे. समीक्षकाने एकच ओळ लिहून लेख परत पाठवला: 'गाळातल्या पाण्यात सल्फेट किती होतं?' आम्ही मोजलंच नव्हतं. आता मोजू म्हणावं, तर सगळा गाळ एव्हाना दोनदा वितळून पुन्हा गोठला होता. वितळताना हवा लागली की गाळातलं सल्फाइड ऑक्सिडाइझ होतं आणि त्यातलं काही सल्फेट बनतं. म्हणजे आता मोजून जो आकडा आला असता तो खाडीचा नव्हे, आमच्या फ्रीजरचा. तो लेख कधीच छापून आला नाही आणि ते बरंच झालं.

गाळ म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आणू या. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाय घातलात तर वर काही मिलिमीटरचा तपकिरी थर दिसेल. तो गंजलेल्या लोहाचा रंग. त्याखाली लगेच काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा, वास हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे कोणतंही यंत्र न लावता, नुसत्या पायाने तुम्हाला कळलं की ऑक्सिजन वरच्या त्या पापुद्र्यातच संपतोय आणि खाली कुणीतरी सल्फेट वापरतंय.

ऑक्सिजन इतक्या लवकर का संपतो? कारण गाळात पाणी वाहत नाही. वरचा ऑक्सिजन खाली जातो तो रेणू-रेणूने, विसरणाने, आणि विसरणाचा हिशेब वर्गाने वाढतो. एक सेंटिमीटर जायला साधारण एक दिवस लागत असेल, तर दहा सेंटिमीटरला तीन-चार महिने आणि एका मीटरला काही दशकं. इतक्या सावकाश येणाऱ्या ऑक्सिजनवर वरच्या थरातले जीव आधीच हात मारतात, खाली काही पोचत नाही. (खेकड्यांची आणि किड्यांची बिळं हा अपवाद. बिळाच्या भिंतीला तपकिरी अस्तर दिसतं ते त्यामुळेच. तुमचा नमुना नेमका बिळावर पडला तर सगळे आकडे वेडेवाकडे येतील, म्हणून गाळ घेतलेली नळी कापली की आधी फोटो काढा.)

पुढचा क्रम पंगतीसारखा आहे. जिलबी आधी संपते आणि मग भातावर भागवावं लागतं. ऑक्सिजनवर सर्वांत जास्त ऊर्जा मिळते, म्हणून तो पहिला संपतो. मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, मग सल्फेट, आणि तेही संपलं की मिथेन बनवणारे उरतात. सल्फेटवर ऊर्जा कमी मिळते, पण भात भरपूर असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या पाण्यात एका लिटरमध्ये ऑक्सिजन फार तर ०.२ मिलिमोल (रेणू मोजायचं एकक) मावतो. सल्फेट असतं २८ मिलिमोल, म्हणजे १४० पट. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या गाळात या साध्या भातावरच मोठी पंगत उठते. बो बार्कर यॉर्गेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिम्फयोर्ड या उथळ सागरी भागातल्या गाळात किरणोत्सारी गंधक सोडून हे मोजलं. तिथल्या गाळात कुजणाऱ्या सेंद्रिय मालापैकी जवळपास निम्मा सल्फेटवर श्वास घेणारेच संपवत होते. हा निष्कर्ष काढायला त्यांना एकाही जीवाणूचं नाव माहीत असायची गरज पडली नाही.

मला सांगायचंय ते इथेच आहे. गाळाच्या शास्त्रात बहुतेक वेळा रसायनाने आधी बोट दाखवलंय आणि जीव मागाहून सापडलाय.

मिथेनचंच बघा. गाळात खोलवर मिथेन तयार होतो, वर यायला निघतो आणि वाटेतच नाहीसा होतो. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या संशोधकांनी गाळाच्या पाण्यातलं सल्फेट आणि मिथेन सेंटिमीटर-सेंटिमीटरला मोजून आलेख काढले. वरून येणारं सल्फेट जिथे संपतं, नेमका तिथेच खालून येणारा मिथेन संपत होता. दोघं एकमेकांना संपवत असणार, हे उघड होतं. पण ऑक्सिजनशिवाय मिथेन खाणारा जीव तेव्हा कुणाला माहीत नव्हता, आणि असा जीव असूच शकत नाही असं म्हणणारेही होते. शेवटी २००० साली आंत्ये बोएट्यूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओरेगनच्या किनाऱ्यासमोरच्या हायड्रेट रिज या जागेतला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या रंगांनी रंगवून पाहिला, तेव्हा ती मंडळी दिसली. एकेकटी नव्हे, गुच्छात. आत आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळाचे एकपेशीय जीव), भोवती सल्फेटवर जगणारे जीवाणू, दोघांचा भागीदारीतला धंदा. रसायनाने सांगितल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी.

दुसरं उदाहरण मला याहूनही आवडतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या लार्स पेटर नील्सन यांच्या गटाला प्रयोगशाळेत ठेवलेल्या गाळात एक विचित्र गोष्ट दिसली. ऑक्सिजन वरच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये संपत होता आणि सल्फाइड मात्र सेंटिमीटरभर खालीच नाहीसं होत होतं. मधल्या पट्ट्यात दोन्ही नाहीत, तर मग सल्फाइड कोण जाळतंय? त्यांनी वरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढून घेतला. तासाभराच्या आत खाली सल्फाइड वर सरकू लागलं. विसरणाने ही बातमी खाली पोचायला कितीतरी जास्त वेळ लागला असता. म्हणजे बातमी रेणूंनी नाही, विजेने पोचत होती. हे २०१० साली छापून आलं तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. २०१२ मध्ये तारा सापडल्या: हजारो पेशी एकापुढे एक जोडून झालेले सेंटिमीटरभर लांबीचे जीवाणूंचे धागे. त्यांचं खालचं टोक सल्फाइडमध्ये असतं, वरचं ऑक्सिजनमध्ये, आणि इलेक्ट्रॉन आतून वाहतात. आज त्यांना केबल जीवाणू म्हणतात. मिलिमीटरच्या अंतराने सल्फाइड मोजायची चिकाटी नसती तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

उलट वाटेनेही शोध लागतात, ते नाकारत नाही. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रातल्या लोकीज कॅसल या उष्ण झऱ्यांजवळच्या गाळातून २०१५ मध्ये लोकिआर्किया सापडले ते फक्त डीएनएच्या तुकड्यांतून. त्यांच्यात आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींची म्हणून समजली जाणारी जनुकं होती, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. पण ते जगतात कसे, खातात काय, दिसतात कसे, यातलं काही त्या तुकड्यांवरून खात्रीने सांगता आलं नाही. ते कळलं २०२० मध्ये, आणि तेही हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जपानजवळच्या समुद्रतळावरून आणलेल्या गाळाची बारा वर्षं निगा राखली म्हणून. त्यातली पहिली दोन हजारांहून जास्त दिवस तो गाळ मिथेन पाजत एका रिॲक्टरमध्ये ठेवला होता. हाती लागलेला जीव दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे घेतो आणि एकटा जगतच नाही. अमिनो आम्लं खातो आणि टाकून दिलेला हायड्रोजन शेजाऱ्याला देतो. तुमच्या हातात बारा वर्षं नाहीत, चार-सहा महिने आहेत. म्हणून रसायनाची वाट धरा.

आता सिक्वेन्सिंगमधून हातात काय येतं ते बघू. मी विद्यार्थ्यांना मतदारयादीचं उदाहरण देते. यादीत गावातल्या लोकांची नावं असतात, पण मेलेल्यांचीही असतात, मुंबईला गेलेल्यांची असतात, आणि घरात असून मतदानाला न उठणाऱ्यांचीही असतात. गाळाचा डीएनए तसाच. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकणमातीच्या कणांना चिकटून बराच काळ टिकतो, आणि समुद्रतळाच्या गाळातल्या डीएनएचा मोठा भाग पेशींच्या बाहेरच असतो. खाडीत तर वरच्या गावांचं सांडपाणी, शेतातली माती, पुराबरोबर आलेला गाळ हे सगळं येऊन बसतं. त्यातले कित्येक जीवाणू खाऱ्या, ऑक्सिजनहीन चिखलात काही करूच शकत नाहीत, पण नाव लावून बसलेले असतात. बीजाणू होऊन झोपलेल्यांची आणखी वेगळी गंमत. त्यांचं कवच इतकं टणक की डीएनए काढायच्या किटमधल्या नेहमीच्या प्रक्रियेला ते दाद देत नाहीत, म्हणजे हे लोक गावात आहेत पण यादीतच नाहीत.

शिवाय यादी येते ती टक्केवारीत. एका नमुन्यात 'डिसल्फो' मंडळी ३० टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के, म्हणून पहिल्यात दुप्पट आहेत असं म्हणता येत नाही. पहिल्या गाळात एकूण पेशीच दशांश असतील तर? मतांची टक्केवारी कळली, मतदान किती झालं ते कळलंच नाही. एकूण संख्या क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती काढत तो किती होता ते मोजायच्या पद्धतीने) किंवा पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजून स्वतंत्रपणे काढावी लागते. सल्फेटवाल्यांना मोजायचं तर १६एसपेक्षा (म्हणजे जीव ओळखायला नेहमी वाचतात त्या जनुकापेक्षा) डीएसआर-बी हे जनुक मोजणं बरं, आणि मिथेनवाल्यांसाठी एमसीआर-ए. आणखी एक धोका. १६एसच्या यादीवरून कामाचा अंदाज बांधून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. ती अंदाज बांधतात ते ज्यांचे जीनोम माहीत आहेत अशा नातेवाइकांवरून, आणि गाळातल्या बहुतेकांचे जवळचे नातेवाईक कुणी प्रयोगशाळेत वाढवलेलेच नाहीत. असा आलेख प्रबंधात टाकलात तर मी परीक्षक असेन तेव्हा तोंडी परीक्षेत त्यावरच अर्धा तास जाईल.

प्रायमर (जनुकाचा हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडताना सिक्वेन्सिंगची सेवा देणाऱ्याला 'तुमचं नेहमीचं लावा' असं सांगू नका. नेहमीचं म्हणजे बहुधा १६एसचा व्ही३-व्ही४ हा भाग, आणि त्यात आर्किया नीट पकडले जात नाहीत. गाळात आर्किया सोडून चालणार नाही. ५१५एफ-८०६आर या प्रायमरच्या जोडीची सुधारलेली आवृत्ती मागा. आणि रिकामा नमुना पाठवायला कधीही विसरू नका. गाळ न घालता, फक्त किटमधल्या द्रावणांवर सगळी प्रक्रिया करून तोही सिक्वेन्सिंगला द्यायचा. एकदा आमच्या खोल गाळाच्या नमुन्यात राल्स्टोनिया भरभरून निघाला आणि प्रयोगशाळेत दोन दिवस पेढे वाटायचंच बाकी होतं. तिसऱ्या दिवशी रिकामा नमुना बघितला, त्यातही तोच. किटमधला पाहुणा होता. गाळ जितका खोल आणि पेशी जितक्या कमी, तितका हा पाहुणा मोठा दिसतो.

म्हणून माझी सूचना अशी. बारा ठिकाणं सोडा, तीनच घ्या: खाडीच्या मुखाजवळ एक, मध्यावर एक, आणि वर तिवरांच्या पट्ट्यात एक. पण प्रत्येक ठिकाणी नळी घाला, फावड्याने किंवा ग्रॅबने (जबड्यासारख्या मिटणाऱ्या बादलीने) वरचा गाळ उचलू नका. ग्रॅबमध्ये वरचा तपकिरी पापुद्रा आणि खालचा काळा गाळ एकत्र कालवला जातो, म्हणजे पंगतीत बसलेल्या सगळ्यांची पानं एका टोपात ओतल्यासारखं. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात अक्रिलिकची नळी किंवा साधा पीव्हीसी पाइप हाताने दाबून पुरतो. ४० सेंटिमीटर मिळाले तरी तुमच्या कामाला पुष्कळ. प्रत्येक ठिकाणी शेजारी-शेजारी तीन नळ्या घ्या. एका नळीवर कुठलंच विधान करता येत नाही, चिखल फूटभराच्या अंतरातही बदलतो. नळीची वरची-खालची दोन्ही तोंडं लगेच बंद करा आणि उभीच ठेवा. आडवी ठेवून जीपने आणलेली नळी म्हणजे लस्सी. ती टाकून द्यावी.

गाळातलं पाणी त्याच दिवशी काढायचं. त्यासाठी रायझॉन नावाच्या पेन्सिलीच्या शिशाएवढ्या सच्छिद्र नळ्या मिळतात. पाइपला आधीच दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं पाडून टेप लावून ठेवायची, नंतर टेप काढून रायझॉन आत सरकवायचा आणि मागे सिरिंज लावून ओढून ठेवायची. अर्ध्या तासात काही मिलिलिटर पाणी गाळून येतं. त्यातले पहिले थेंब टाकून द्या. परवडत नसेल तर नायट्रोजन भरलेल्या पिशवीत गाळ कापून, नळ्या नायट्रोजनने भरून सेंट्रीफ्यूज करा. काम तेच होतं, फक्त हात जास्त लागतात. सल्फाइड मोजायचं पाणी हवेत एक मिनिटही ठेवू नका. आधीच झिंक ॲसिटेट घातलेल्या कुपीत थेट सोडा, झिंक सल्फाइडचा पांढरा साका बसला की ते अडकलं. मग सवडीने मिथिलीन ब्ल्यूच्या पद्धतीने निळा रंग आणून मोजता येतं. सल्फेटसाठी आयन क्रोमॅटोग्राफ मिळाला तर उत्तम. नाही तर बेरियम क्लोराइड घालून गढूळपणा मोजायची जुनी पद्धतही खाडीच्या पाण्याला पुरते.

यात सगळे चुकतात अशी एक जागा आहे. खाडीच्या पाण्यात सल्फेट कमी भरलं म्हणजे जीवाणूंनी खाल्लं, असं नाही. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी मिसळूनही ते कमी होतं. म्हणून प्रत्येक थरात क्लोराइडही मोजायचं. क्लोराइड कुणी खात नाही, ते फक्त पातळ होतं. समुद्रात क्लोराइड साधारण ५४६ मिलिमोल आणि सल्फेट २८. समजा तुम्हाला २० सेंटिमीटरवर क्लोराइड २७३ मिळालं. म्हणजे पाणी निम्मं गोडं, आणि सल्फेट १४ असायला हवं. ते ९ भरलं, तर जीवाणूंनी खाल्लेलं फक्त ५. हा हिशेब केला नाहीत तर १९ खाल्लं असं लिहून बसाल, आणि त्या आकड्यावर रचलेली सगळी चर्चा ढासळेल. तिवरांच्या चिखलात उलटही होतं. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्लोराइड समुद्रापेक्षा जास्त भरतं, आणि सल्फेट 'भरपूर' दिसत असूनही आत खाणं चालू असतं.

हे आलेख हातात आले की मग डीएनए कुठल्या थरांचा काढायचा ते आपोआप ठरतं. सल्फेट सगळ्यात वेगाने उतरतंय तो थर, सल्फाइड अचानक नाहीसं होतंय तो थर, आणि दोन्हीत काहीच घडत नाही असा एक थर तुलनेला. तीन ठिकाणं, तीन थर, तीन नळ्या: २७ नमुने आणि वर रिकामे. बारा ठिकाणच्या सरसकट गाळापेक्षा हे दुपटीहून जास्त नमुने झाले खरे. पैसे कमी पडले तर ठिकाणं दोन करा, पण थर कमी करू नका. डीएनएचा गाळ मात्र लगेच उणे ८० अंशांना, आणि एकदाच वितळेल अशा छोट्या कुप्यांत. तिवरांखालच्या गाळात ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पानापाचोळ्यातून येणारी) फार असतात, ती पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतात. डीएनएला चहासारखा रंग दिसला तर दहापट पातळ करून पुन्हा लावून बघा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

ऋतूबद्दल. तुमच्या प्रस्तावात फक्त मे महिना आहे. जमलं तर सप्टेंबरच्या शेवटी एकदा जाच. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर दर वर्षी एक नाट्य घडतं. पावसाळ्यात खोलवरचं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ पट्टीवर चढतं, वर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन संपून जातो. गोव्याच्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. त्या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो, आणि ऐन भरात तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. कांदोळीसमोर ठरावीक जागी वर्षानुवर्षं मोजमाप करून ही संस्था त्यावर नजर ठेवून आहे. तुमच्या खाडीत भरती-ओहोटी पाणी घुसळते, त्यामुळे आत इतकं टोकाचं काही होईलच असं नाही. पण मुखाजवळच्या ठिकाणी मे आणि सप्टेंबरचे सल्फाइडचे आलेख शेजारी ठेवून बघण्यासारखे असतील. मी तुमच्या जागी असते तर प्रबंधाचा मुख्य प्रश्न हाच केला असता.

आता उपप्रश्न. खोल गाळातले जीव जिवंत असतात का?

आधी किती आहेत ते बघा, कारण या आकड्यातही नमुना कुठून घेतला याचाच धडा आहे. १९९८ मध्ये विल्यम व्हिटमन आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाखालच्या गाळातल्या पेशींचा जागतिक अंदाज काढला: ३५५ वर २८ शून्यं. २०१२ मध्ये येन्स कालमेयर आणि सहकाऱ्यांनी तो हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा आला २९ वर २८ शून्यं. ९२ टक्के गळाले. जुन्या अंदाजातले बहुतेक नमुने किनाऱ्याजवळच्या, खायला भरपूर असलेल्या गाळातले होते. भर महासागराच्या मध्यावर, जिथे वरून जवळजवळ काहीच पडत नाही, तिथे पेशी कित्येक पट कमी असतात. दक्षिण प्रशांत महासागराच्या मधोमध तर इतकी उपासमार आहे की ऑक्सिजन संपवायलाही कुणी पुरत नाही. तो तळाच्या खडकापर्यंत खाली पोचतो. तुमच्या खाडीत तो काही मिलिमीटरमध्ये संपतो.

त्याच दक्षिण प्रशांतातल्या गाळावर २०२० मध्ये युकी मोरोनो यांच्या गटाचं काम आलं. २०१० साली खोदून आणलेला गाळ, सगळ्यात जुना थर सुमारे १० कोटी वर्षांचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला. पेशींना त्यांनी खूण केलेला कार्बन आणि नायट्रोजन खायला घातला आणि एकेक पेशी तपासली की तो आत गेला का. गेला. बहुतेक पेशींनी खाल्लं, वाढल्या, विभागल्याही. इथे डीएनएची यादी कामाची नव्हती. घास तोंडात गेला की नाही हे बघितलं म्हणून 'जिवंत' म्हणता आलं. पण त्यांच्या मूळ घरी त्या काय करत होत्या? बहुधा पेशीची डागडुजी, इतकंच. पेरूच्या किनाऱ्यासमोरच्या खोल गाळात केलेल्या हिशेबानुसार तिथल्या जीवाणूंच्या शरीरातला माल एकदा पूर्ण बदलायला शेकडो ते हजारो वर्षं लागतात, आणि तिथे जाग्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच बीजाणू आहेत. हे बीजाणूही डीएनएवरून नाही, तर त्यांच्या कवचात असणाऱ्या डायपिकोलिनिक आम्लावरून मोजले. इथेसुद्धा रसायनच.

उष्णतेची मर्यादाही अशीच तपासली गेली. २०१६ मध्ये 'चिक्यू' या जपानी जहाजाने मुरोतो भूशिरासमोर समुद्रतळाखाली सुमारे १.२ किलोमीटर खोदलं, जिथे गाळाचं तापमान १२० अंशांपर्यंत जातं. खोदताना वरचं पाणी आत शिरलं का ते कळावं म्हणून द्रवात खुणेचं रसायन मिसळलं होतं, आणि नळ्या हेलिकॉप्टरने किनाऱ्यावरच्या कोचीच्या प्रयोगशाळेत नेल्या. (आपलं केरळातलं कोची नव्हे, जपानमधलं.) साधारण ४५ अंशांच्या पुढे जाग्या पेशी एकदम घटल्या, पार शेवटी पुन्हा थोड्या दिसल्या. आपण नळीच्या तोंडाला बूच लावायचा कंटाळा करतो तेव्हा मला ते हेलिकॉप्टर आठवतं.

जायचा दिवस पंचांग बघून ठरवा. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) ओहोटीला चिखल फारसा उघडा पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस घ्या. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर भरती भर दुपारी येते आणि पाणी सगळ्यात खाली जातं ते सकाळी लवकर, म्हणजे पहाटेच निघायला लागेल. तेच सोयीचं, ऊन चढायच्या आत नळ्या बर्फाच्या पेटीत जातात. एकटे जाऊ नका. एक माणूस चिखलात, एक कोरड्या हातांनी वही घेऊन बांधावर, आणि होडीवाल्या काकांना पाणी कधी वळणार ते आधीच विचारून ठेवा. मांडीपर्यंत रुतलेला पाय ओढून काढायला लागला की आडवं पडायचं आणि फळीवर भार द्यायचा, उभ्याने झटके द्यायचे नाहीत. फळी न्यायची आठवण ठेवा. पहिल्या नळीचे सल्फेट-क्लोराइडचे आकडे आले की इथेच टाका, मग डीएनएसाठी कुठले थर घ्यायचे ते मिळून ठरवू.